प्रवासाचे तास कोणाच्या खाती?

वाचकहो, एक हिशेब आपल्यापुढे मांडतो. तो उदाहरणादाखल रचलेला आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो दर महिन्याला प्रत्यक्ष घडत असतो. मुंब्र्याला राहणारा एक तरुण रुग्णालयांतील यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका आस्थापनात नोकरीस आहे. रविवारी दुपारी मालकाचा फोन येतो: नांदेडच्या रुग्णालयातले यंत्र बंद पडले आहे, सोमवारी सकाळी दहाला तेथे हजर व्हा. रविवारी रात्री आठ वाजता तो घर सोडतो आणि कल्याणहून देवगिरी एक्स्प्रेस पकडतो. सकाळी नांदेडच्या स्थानकावरच तोंड धुऊन कपडे बदलतो, दहा ते सहा काम करतो, रात्रीच्याच गाडीने परत फिरतो आणि मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास घरी पोहोचतो. साडेनऊला त्याला पुन्हा कार्यालयात सही करायची असते. घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत ३४ तास झाले. मस्टरवर त्यांपैकी ८ लागले. उरलेले २६ तास कोणाच्या खाती गेले?

या मालकाला दुष्ट ठरविण्याचा माझा हेतू नाही. तो नमाजी आहे, जकात काढतो, पगार वेळेवर देतो. तिकिटाचे पैसे त्याने आगाऊ दिले, जेवणखाणाचा भत्ताही दिला. त्या २६ तासांविषयी त्याला विचारले तर तो मनापासून चकित होईल आणि म्हणेल, "प्रवासाचा खर्च मी दिलाच की!" गफलत नेमकी येथे आहे. तिकीट आणि भत्ता हा खर्चाचा परतावा होय. यंत्राचा सुटा भाग बाजारातून आणला तर त्याचे पैसे मालक देतो, त्याच जातीचा. त्यातून नोकराच्या हाती काही उरत नाही आणि उरूही नये. वेळेचा मोबदला ही निराळी बाब आहे. रविवारची ती रात्र त्या तरुणाची होती. तीत त्याची पत्नी होती, मुले होती, पुढच्या आठवड्यासाठी लागणारी झोप होती. ती मालकाच्या कामी खर्ची पडली. तिची किंमत शून्य आहे हे कोणी ठरविले आणि कशाच्या आधारे, हे विचारणे भाग आहे.

हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे, धर्माचा नव्हे, असे एखाद्याला वाटेल. परंतु माणसांचे आपसांतील हक्क, ज्यांना आपण हक्कुल-इबाद म्हणतो, ते इस्लामी शिकवणीत उपासनेच्या बरोबरीने तोलले जातात. किंबहुना त्यांचा एक पैलू अधिक कठीण आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबाचे दार उघडे आहे. बंद्याचा हक्क मात्र त्या बंद्याला दिल्याशिवाय किंवा त्याने खुशीने सोडल्याशिवाय मानेवरून उतरत नाही. सहीह बुखारीत एक प्रेषितवचन आले आहे. कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह ज्यांच्याविरुद्ध फिर्यादी म्हणून उभा राहील अशा तीन प्रकारच्या लोकांचा त्यात उल्लेख आहे. त्यांतला एक म्हणजे मजुराकडून पुरेपूर काम करून घेऊन त्याची उजरत न देणारा. हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे पगार बुडवून पळालेला ठेकेदार येतो आणि आपण निर्धास्त होतो. पण उजरत बुडविण्याची एक शांत, सभ्य रीतही आहे. कामाच्या काही भागाला काम म्हणायचेच नाही. मग देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तेव्हा प्रवास हे काम आहे की नाही, हे आधी पाहावे लागेल. आपल्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, मोबदला घेऊन श्रम देण्याच्या कराराला इजारा म्हटले आणि श्रम देणाऱ्यांचे दोन प्रकार मानले. शिंपी, रंगारी, धोबी यांच्यासारखा जो अनेकांची कामे घेतो तो अजीर-ए-मुश्तरक. त्याला काम पुरे केल्यावर पैसे मिळतात. कपडा शिवायला त्याला दोन तास लागले की दहा, याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते. दुसरा अजीर-ए-खास, म्हणजे ठरावीक काळासाठी एकाच मालकाच्या सेवेत असणारा. याच्याविषयी बाराव्या शतकातील बुरहानुद्दीन मर्गीनानी यांच्या 'अल-हिदाया'त, जो ग्रंथ आजही आपल्या मदरशांत शिकविला जातो, एक मूलभूत गोष्ट सांगितली आहे. असा नोकर ठरलेल्या काळात स्वतःला मालकाच्या स्वाधीन करतो आणि त्या स्वाधीन होण्यानेच उजरतीचा हक्कदार होतो, प्रत्यक्ष काम झालेले नसले तरी. महिनाभर मेंढ्या राखायला ठेवलेला गुराखी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी राज्याने दिवाणी कायद्याची 'मजल्ला' ही संहिता तयार केली, तिच्या ४२५ व्या कलमातही हाच नियम आहे: नोकर कामासाठी हजर आणि तयार असला की पुरे.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानी घ्या. मालक जे विकत घेतो ते हातांची हालचाल नव्हे. माणसाचा काळ आपल्या ताब्यात राहावा, तो त्याने दुसरीकडे लावू नये, याची किंमत मालक देतो. आता कल्याणच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्या तरुणाकडे पाहा. तो कोठे जाईल, कोणत्या गाडीने जाईल, केव्हा पोहोचेल हे मालकाने ठरविले आहे. वाटेत मनमाडला उतरून तो बहिणीच्या घरी मुक्काम करू शकत नाही. त्या रात्री तो दुसऱ्या कोणाचे काम घेऊ शकत नाही. स्वाधीन होणे ते आणखी कोणते?

याच 'हिदाया'त आणखी एक प्रकरण आहे, ते मला या प्रश्नाच्या फार जवळचे वाटते. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीला मुदारबा म्हणतात. मेहनत करणारा आपल्याच गावात व्यापार करीत असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने जेवावे. पण व्यापारासाठी तो परगावी गेला तर त्याचे अन्न, वस्त्र आणि वाहन यांचा भार भांडवलावर पडतो. कारण असे दिले आहे की निर्वाहाचा हक्क अडकून पडण्याच्या बदल्यात उत्पन्न होतो. न्यायदानात गुंतलेल्या काझीचा निर्वाह सार्वजनिक कोषातून चालतो, तसाच. मनुष्य आपल्या गावी असतो तो आपल्या वास्तव्यामुळे. परगावी असतो तो त्या व्यवहाराने त्याला अडकवून ठेवल्यामुळे. शिवाय एक बारीक कसोटीही तेथे आहे. तो जवळपास जाऊन रात्री आपल्या घरी निजायला परत येत असेल तर तो गावातच आहे असे समजावे. शाफई पंथाचा अधिक मान्य अभिप्राय निराळा आहे, आणि आपले कोकणातले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या अभिप्रायानुसार प्रवासातही भागीदाराला नफ्यातील वाट्याखेरीज काही मिळत नाही. आणि स्वतः मर्गीनानींनीही नोकराला या नियमातून वगळले आहे. कारण भागीदाराला नफा होईल की नाही याची शाश्वती नसते, नोकराला मात्र त्याचा मोबदला निश्चित मिळतो. पण हा अपवादच आपल्याला पुढचा प्रश्न विचारायला लावतो. ज्या तासांचा मोबदला निश्चित झालेलाच नाही, त्या तासांपुरता नोकर कोणत्या शाश्वतीवर विसंबून राहावा?

येथे रोजच्या जाण्यायेण्याची गोष्ट उकरून काढली जाईल. विरारहून, कर्जतहून, कसाऱ्याहून लाखो लोक दररोज लोकलला लटकत मुंबईत येतात. त्यांच्या तासांचेही पैसे द्यायचे काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. नोकरी पत्करताना कामाची जागा ठरलेली असते आणि घर कोठे करायचे हे माणसाच्या आपल्या हाती असते. (मुंबईतील घरांच्या किमती पाहता ते कितपत हाती असते, हा वेगळा आणि दुःखद विषय.) हा मनुष्य स्वतःला स्वाधीन करण्याच्या जागी येत असतो, अजून स्वाधीन झालेला नसतो, आणि रात्री तो आपल्या घरी निजतो. मर्गीनानींची कसोटी येथे चपखल बसते. नांदेडला पाठविलेल्या माणसाचे तसे नाही. त्याच्या कराराची जागा ठाणे-मुंबईत होती. ती एका फोनने सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर नेली गेली.

ही सीमारेषाही वाटते तितकी ताठ नाही, याचे एक उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच आहे. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनची पाळी गाठायला मोटारसायकलीने निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटर अलीकडे अपघातात मरण पावला. घरून कामावर जाताना आलेले मरण हे नोकरीतून उद्भवले काय, यावर खटला बावीस वर्षे चालला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर असा अपघात नोकरीच्या कक्षेत येतो, आणि कुटुंबाची भरपाई पुन्हा बहाल केली. हा निवाडा अपघाताच्या भरपाईचा आहे, वेतनाचा नव्हे. दोहोंची गल्लत करणे बरोबर होणार नाही. पण त्यामागचा न्यायविचार आपल्या फिकहला परका नाही. लाभ ज्याचा, त्याचाच तोट्याचा भार, हे तत्त्व 'मजल्ला'च्या आरंभीच्या सूत्रांत आहे. पहाटे तीनला पहारा हवा होता कारखान्याला. म्हणून अंधाऱ्या रस्त्यावरचा धोकाही काही अंशी कारखान्याचा.

"पण तो गाडीत झोपला होता! झोपेचे पैसे द्यायचे?" हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. जगातल्या कायद्यांचेही येथे एकमत नाही. अमेरिकेच्या नियमात मुक्कामी प्रवासाचे तास एका चमत्कारिक रीतीने मोजले जातात. नोकर प्रवासी म्हणून बसलेला असेल आणि घड्याळात त्याच्या नेहमीच्या कामाची वेळ असेल तर ते तास काम ठरतात, मग वार रविवार का असेना. त्या वेळेबाहेरचे तास मात्र, तो नुसता बसून जात असेल तर, सहसा मोजले जात नाहीत. उलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी स्पेनमधील एका प्रकरणात वेगळी भूमिका घेतली. चोरीची सूचना देणारी यंत्रे बसविणाऱ्या एका कंपनीने प्रांतोप्रांतीची कार्यालये बंद केली. कारागीर घरूनच थेट गिऱ्हाइकाकडे जाऊ लागले, कधी कधी शंभर किलोमीटरहून दूर, आणि तो वेळ कंपनीने विश्रांतीत धरला. न्यायालयाने म्हटले की या वेळेत कारागीर मालकाच्या आज्ञेत असतो, आपल्या मनाप्रमाणे वागायला मोकळा नसतो. म्हणून ते काम. किती पैसे द्यायचे हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले. गुराख्याच्या उदाहरणाशी याचे साम्य आपल्या लक्षात आलेच असेल.

झोपेच्या आक्षेपाला आपल्या दीनमध्ये याहून जवळचे उत्तर आहे असे मला वाटते. प्रवास म्हणजे यातनेचाच एक तुकडा आहे, तो माणसाला त्याच्या अन्नापाण्यापासून आणि झोपेपासून वंचित करतो, म्हणून आपले काम उरकताच त्याने घरच्यांकडे परतण्याची त्वरा करावी, अशा आशयाचे प्रेषितवचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आणि शरीअतने ही गोष्ट नुसती सांगून सोडलेली नाही. प्रवासात चार रकअत फर्ज नमाज दोनवर येते. रमजानचा रोजा पुढे ढकलण्याची मुभा मिळते. आता विचार करा, ही सवलत पायी चालणाऱ्यालाच आहे काय? वातानुकूलित डब्यात गादीवर झोपून जाणाऱ्यालाही ती तेवढीच आहे. फुकहांनी सांगितले आहे की या सवलतीचे कारण म्हणून प्रवासच धरला गेला. कष्ट किती झाले याचे मोजमाप प्रत्येकाच्या बाबतीत करायचे नाही, कारण ते करता येत नाही. उपासनेचा नियम जसाच्या तसा व्यवहाराला लावता येत नाही, ही मर्यादा मला मान्य आहे. मी एवढेच म्हणतो की ज्या रब्बाचा आपल्या प्रत्येक श्वासावर अधिकार आहे त्याने बंद्याच्या प्रवासाची दखल घेऊन आपल्या हक्काच्या रकअती कमी केल्या. आठ तासांचा पगार देणाऱ्या मालकाने तोच प्रवास शून्यात काढावा, हे कानाला बरे लागत नाही.

आता मदयनकडे वळू. पवित्र कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांचा वृत्तांत आहे. इजिप्तमधून निघून ते मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले. दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या होत्या. गुराखी दूर होईपर्यंत त्यांना पाणी पाजता येत नव्हते आणि त्यांचे वडील वृद्ध होते. मूसा (अ.) यांनी त्यांची जनावरे पाजली आणि ते सावलीत जाऊन बसले. त्यांनी मोबदला मागितला नाही. करार तर नव्हताच. थोड्या वेळाने त्यांच्यापैकी एक लाजत आली आणि तिने निरोप दिला की आमच्यासाठी पाणी पाजलेत त्याचा मोबदला देण्यासाठी वडील तुम्हाला बोलावीत आहेत. हे वृद्ध म्हणजे हजरत शुऐब (अ.) असे पुष्कळ भाष्यकार मानतात, कुरआनात नाव नाही. नाव काही असो, त्यांची वृत्ती पाहा. मागणी नव्हती, कायदा नव्हता, काम काही घटकांचे होते. तरी आपल्या जनावरांना पाणी पाजणाऱ्याला आपण काही देणे लागतो हे त्यांना कळले आणि त्यांनी स्वतः होऊन माणूस धाडला.

पुढे प्रत्यक्ष करार होतो, तोही पाहण्यासारखा आहे. वृद्धांनी मुदत स्पष्ट सांगितली: आठ वर्षे. दहा पुरी केलीत तर ती तुमच्याकडून असतील, तुमच्यावर जाच करण्याची माझी इच्छा नाही, असे त्यांनी सांगून टाकले. मूसा (अ.) यांनीही ते पक्के करून घेतले की दोहोंपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी माझ्यावर जबरदस्ती होणार नाही, आणि अल्लाहला साक्षी ठेवले. अधिकची दोन वर्षे ही नोकराची देणगी आहे. मालकाला ती गृहीत धरता येत नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सांगण्यानुसार मूसा (अ.) यांनी दहा वर्षेच पुरी केली. ती मोठ्या मनाने दिलेली होती, कारण ती नाकारता आली असती.

आपल्या मुंब्र्याच्या तरुणाला रविवारची रात्र नाकारता आली असती काय? नोकरीच्या पहिल्या वर्षात, घरभाडे अंगावर असताना, दारात दुसरे चार उमेदवार उभे असताना, तो "हो साहेब" म्हणतो. त्या 'हो'ला देणगी म्हणायला माझे मन धजत नाही.

मालकाच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो न्यायाने मांडला पाहिजे. एखाद्याची नेमणूकच फिरतीची असते. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ट्रकचालक, गावोगाव जाऊन वसुली करणारे. यांचा पगार ठरवतानाच फिरती धरलेली असते. तेथे प्रवासाचे वेगळे मागणे म्हणजे एकाच मालाची दोनदा किंमत घेणे होईल. हे अगदी खरे. रूढीने जे माहीत आहे ते अट घालून ठरविल्यासारखेच समजावे, असे 'मजल्ला'चे ४३ वे सूत्र आहे. परंतु यात एक गृहीत आहे: ते दोघांनाही माहीत हवे. इजाऱ्याच्या वैधतेसाठी काम किंवा काळ आणि उजरत या दोन्ही गोष्टी ज्ञात असाव्यात, संदिग्धता भांडण होईल इतकी नसावी, असा फुकहांचा आग्रह आहे. "आवश्यकतेनुसार बाहेरगावी जावे लागेल" एवढी एक ओळ नेमणूकपत्राच्या तळाशी असते. वर्षातून दोनदा की आठवड्यातून दोनदा? रात्री की दिवसा? रविवार धरून की सोडून? या ओळीखाली सही करणाऱ्याने नेमके काय विकले हे त्याला ठाऊक नसते, आणि किती घ्यायचे हे विकत घेणारा रोजच्या रोज ठरवतो. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर लावतो. पण रेल्वेतले तास त्या कामात धरायचे की नाहीत, हे व्यवहारात बहुधा मालकाच्या मनावरच राहते.

सूरह अल-मुतफ्फिफीनचा आरंभ आपल्याला पाठ आहे. स्वतः घेताना माप भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना माप मारणारे यांच्या नाशाची ती घोषणा आहे. आपण ती किराण्याच्या तराजूपुरती मर्यादित ठेवली. आपल्या कार्यालयांत सकाळी दहा मिनिटे उशीर झाला की लेट मार्क पडतो, आणि असे तीन झाले की कोठे अर्ध्या दिवसाची, कोठे पुऱ्या दिवसाची रजा कापली जाते. घेताना मिनिटांचे माप आहे. नांदेडहून परतलेल्या माणसाला मंगळवारी गाडी लांबल्यामुळे वीस मिनिटे उशीर झाला तर त्यालाही तो लेट मार्क पडतो, आणि आदल्या रात्रीचे दहा-बारा तास कोणत्याही मापात येत नाहीत.

मग द्यावे तरी किती? प्रत्येक तासाला दुप्पट दर असा सरसकट आग्रह मी धरणार नाही. जो स्वतः गाडी चालवत जातो त्याचा प्रत्येक तास नि:संशय काम आहे; त्याला कमी देण्याला मला कोणतीही सबब दिसत नाही. रात्री बर्थवर निजणाऱ्याचा दर कमी ठरविता येईल, मात्र तो आधी ठरवावा आणि निघण्यापूर्वी त्याला माहीत असावा. लहान दुकानदाराला पैसा देणे खरोखरच जड जात असेल तर वेळेच्या बदल्यात वेळ द्यावा. अमेरिकेने आपल्या केंद्रीय सरकारी नोकरांसाठी २००५ पासून हाच मार्ग धरला: नेहमीच्या वेळेबाहेरच्या ज्या अधिकृत प्रवासाचा मोबदला अन्यथा मिळत नाही, त्या तासांइतकी सुट्टी. आपल्याकडे बदली रजा ही कल्पना जुनीच आहे, ती प्रवासाला लावायची एवढेच. निदान परतलेल्या माणसाला त्या सकाळी झोपू द्यावे. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सेवकांविषयी जी ताकीद दिली तीत हे आले आहे: त्यांच्या शक्तीपलीकडचे काम लादू नका, आणि द्यावेच लागले तर त्यांना साहाय्य करा. मंगळवारी साडेनऊची सही माफ करणे हे त्या साहाय्याचे अगदी स्वस्त रूप आहे.

दुसऱ्यांच्या कारखान्यांविषयी इतके लिहिल्यावर आपल्या घराकडे पाहणे टाळता येणार नाही. आपल्या मदरशांचे सफीर रमजानमध्ये चंद्यासाठी गावोगाव फिरतात. एसटीच्या थांब्यावर इफ्तार, अनोळखी मशिदीत मुक्काम, महिनाभर घराचे तोंड नाही, आणि ईदच्या आदल्या रात्री परत. संस्थांच्या शाळांतील शिक्षकांना रविवारी दुसऱ्या जिल्ह्यातील संमेलनाला नेले जाते. मोबदल्याचा विषय निघाला की एक शब्द पुढे केला जातो: सवाब. सवाब देणारा अल्लाह आहे. विश्वस्त मंडळाला तो आपल्या तिजोरीतून देता येत नाही, म्हणून त्या नावावर आपले देणेही फेडता येत नाही. जकात कोणाकोणाला द्यावी हे सांगताना कुरआनने ती गोळा करणाऱ्यांचा वाटा त्याच आयतीत ठेवला. हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) काळात असे काम केले, मोबदला देऊ केला गेला तेव्हा ते म्हणाले की माझ्याहून गरजू असलेल्याला द्यावा. प्रेषितांनी (स.) त्यांना तो घ्यायला लावला, घेऊन मग हवे तर दान करावे. दानाचा मान उमर (रजि.) यांच्याकडेच राहिला, पण रक्कम आधी त्यांच्या हाती पडली. काही ठिकाणी सफिराला जमलेल्या रकमेवर टक्केवारी देतात. बहुतेक मुफ्तींना ही रीत मान्य नाही, आणि मलाही ती सोयीची पळवाट वाटते. महिन्याचा स्पष्ट पगार, फिरतीच्या दिवसांचा वाढीव दर आणि परतल्यावर विश्रांतीचे दिवस, असे काही संस्थांनी ठरवून छापील नियमांत घातले तर दात्यांची त्याला हरकत असेल असे मला वाटत नाही.

नोकराच्या बाजूचे दोन शब्द सांगितले नाहीत तर हा लेख एकांगी होईल. बसने जाऊन टॅक्सीची पावती लावणे, काम दुपारी संपले असताना मुक्काम दाखविणे, नातेवाइकाकडे राहून लॉजचे बिल जोडणे ही खियानत आहे. मालक आपले तास मोजत नाही म्हणून आपण भत्त्यातून वसूल करतो, असा हिशेब मनातल्या मनात करणारे मला भेटले आहेत. आपला हक्क असेल तर तो तोंडाने मागावा. खोट्या पावतीतून घेतलेला पैसा हक्काचा असला तरी मार्ग खोटाच राहतो. पण येथेही, खरे मागण्याची सोय ज्या कार्यालयात नसते तेथे खोट्या पावत्या अधिक निघतात, हे मालकांनी ध्यानात घ्यावे.

राहिला मागील बाकीचा प्रश्न. हे वाचून एखाद्या मालकाला आपले जुने तास आठवले तर त्याने काय करावे? मुळात अशा तासांचा दर ठरलेला नव्हता. तेव्हा त्या कामाला, त्या गावी, त्या काळी जो रास्त मोबदला मिळाला असता तो धरावा, याला फुकहा उजरत-ए-मिस्ल म्हणतात. नोकर सोडून गेला असेल तर त्याचा शोध घ्यावा. तो हयात नसेल तर रक्कम वारसांची आहे. पुष्कळ शोधूनही कोणी सापडले नाही तर त्याच्या वतीने सदका करावा. आणि तो अजून आपल्याच नोकरीत असेल तर एक सावधगिरी बाळगावी. त्याला केबिनमध्ये बोलावून "मागचे काही राहिले असेल तर माफ कर" असे म्हणू नये. खुर्चीवर बसलेल्या मालकापुढे उभा असलेला नोकर माफच करणार. आधी तास मोजावेत, आकडा त्याला सांगावा, रक्कम त्याच्या हाती द्यावी आणि त्याला घरी जाऊ द्यावे. त्यानंतर चार दिवसांनी तो स्वतः होऊन ती परत घेऊन आला तर ती त्याची देणगी.